चादरीची घटनादुरुस्ती: सोलापुरातल्या एका संविधान दिनाचं प्रकरण

"संविधानाच्या अनुच्छेद 43-ख नंतर पुढील अनुच्छेद समाविष्ट करण्यात येईल: 43-ग. सर्व शासकीय विश्रामगृहे, वसतिगृहे व रेल्वेचे डबे यांत सोलापूर येथे विणलेल्या सुती चादरींचाच वापर व्हावा, यासाठी राज्य प्रयत्नशील राहील."

हे वाक्य मी लिहिलं. आमच्या मराठीच्या मॅडमनी त्याला सरकारी इस्त्री फिरवली, मूळचं 'वापरावी' काढून 'वापर व्हावा, यासाठी' केलं. संसदेचा त्यात काडीचाही संबंध नाही. तरी चार दिवसांनी ते माझ्याच फोनवर परत आलं. वर तिरंगा, मथळा '107 वी घटनादुरुस्ती मंजूर', खाली 'प्रत्येक सोलापूरकराने पुढे पाठवा'. पाठवणारे माझे साडू. त्यांचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. पाठोपाठ फोन: "पाहुणे, तुमचा विषय आहे म्हणून विचारतो. ऑर्डर मुंबईतून निघणार का दिल्लीतून?"

ते वाक्य मुळात वर्गातल्या एका खेळाच्या चिठ्ठीवरचं. त्या चिठ्ठीचं पुढे काय झालं ते मित्रमंडळींत तुकड्यातुकड्यांनी सांगून झालंय. आता एकदा सलग लिहून ठेवतो. कॉलेजचं नाव घालणार नाही, त्याच अटीवर प्राचार्यांनी लिहायला होकार दिला.

मुळात काय करायचं होतं

मी राज्यशास्त्र शिकवतो. 26 नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे उद्देशिकेचं वाचन, पाहुणे, नारळ आणि वक्तृत्व. वक्तृत्वातली वाक्यं इतकी ठरलेली की मधल्या बाकावरची पोरं भाषण करणाऱ्याच्या आधी ओठ हलवतात. 2024 ला संविधान स्वीकारल्याला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती, तेव्हा तरी वेगळं काही करू म्हणून मी खेळ सुचवला. वीस चिठ्ठ्या. दहांवर खऱ्या घटनादुरुस्त्या, दहांवर आम्ही रचलेल्या. साडूंच्या दुकानातून चादरींचे दोन रिकामे खोके आणले, एकावर 'खरी', दुसऱ्यावर 'खोटी'. चिठ्ठी मोठ्याने वाचायची, वर्गाने हात वर करायचे, बहुमत सांगेल त्या खोक्यात ती टाकायची.

तोवर 106 दुरुस्त्या झाल्या होत्या. शेवटची 2023 ची, लोकसभेत आणि विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखणारी. म्हणून आमच्या रचलेल्या दुरुस्त्या 107 पासून पुढे. रचताना काही पथ्यं पाळली. जात, धर्म, आरक्षण, कुठलाही पक्ष, कुठलाही माणूस, यांतलं काही घ्यायचं नाही. एक ते चारचे पुणेरी विनोदही नकोत, ते आता पुण्यातसुद्धा कुणी करत नाही. उरलं काय तर खाणं, पाणी, चादर आणि फलक. सोलापूरला तेवढं पुरतं.

फलकाची चिठ्ठी अशी: निवडणूक हरलेल्या उमेदवाराने पुढच्या निवडणुकीपर्यंत 'भावी आमदार' असा मजकूर चौकात लावल्यास तो आमदारकीपूर्वीच अपात्र ठरेल, दहावी अनुसूची पाहा. विधानसभेचा निकाल लागून तीनच दिवस झाले होते, फलक अजून उतरले नव्हते, त्यामुळे वर्ग बाकं वाजवत सुटला. दुसरी हुरड्याची: हुरडा पार्टीच्या दिवसांत संसदेचं अधिवेशन बोलावू नये. तिसरी आठव्या अनुसूचीत 'सोलापुरी' ही तेविसावी भाषा घालणारी, म्हणजे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच वाक्यात, शेवटी 'बे'. चौथी पाण्याची, तिच्याकडे नंतर येतो. पाचवी चादरीची. बाकीच्या पाच आठवल्या तरी लाज वाटावी इतक्या फिक्या होत्या, त्या सोडून देतो.

मतदान

साठेक मुलं होती. शहरातली, बार्शी-मंगळवेढ्याकडची, आणि पूर्व भागातली काही, ज्यांच्या घरी माग चालतो.

पहिली चिठ्ठी तिसऱ्या घटनादुरुस्तीची. 1954 ची. तिने समवर्ती सूचीतली, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीतली, 33 वी नोंद बदलली आणि तिथे खाद्यान्न, गळिताची धान्यं, पेंड, कच्चा कापूस, सरकी, ताग यांची नावं आली. बार्शीकडचा एक मुलगा उठला, "सर, घटनेत पेंड कशाला येईल? पेंड म्हशीला." वर्ग हसला आणि चिठ्ठी एकमताने 'खोटी'त गेली.

ती खरी आहे, आणि तिच्यामागचं कारण ऐकण्यासारखं आहे. संविधान आलं तेव्हा देशात टंचाई होती. धान्य, कापड, चारा यांचा व्यापार खरं तर राज्यांच्या अखत्यारीतला, पण टंचाईत केंद्राच्या हातात काहीतरी हवं म्हणून अनुच्छेद 369 ने संसदेला पाच वर्षांपुरता अधिकार दिला. त्या यादीत सुती आणि लोकरी कापड आहे, सरकी आहे, गुरांचा चारा आहे, आणि कच्च्या कापसाचा खुलासा करताना मूळ इंग्रजी मजकुरात चक्क 'कपास' असा आपला शब्द आहे. 1955 च्या जानेवारीत ती मुदत संपत होती. मुदत संपली की पेंडीवरचा केंद्राचा अधिकार संपणार, म्हणून ही दुरुस्ती. ज्या गावात गिरणीचा भोंगा हेच घड्याळ होतं, त्या गावातल्या पोरांना घटनेत कापूस आहे हे खोटं वाटलं. इथे मी जरा वेळ गप्प बसलो.

पुढचं सगळं त्याच दिशेने गेलं. 1956 च्या सातव्या दुरुस्तीने घातलेला अनुच्छेद 290-क: केरळच्या संचित निधीतून दरवर्षी 46,50,000 रुपये त्रावणकोर देवस्वम निधीला. "घटनेत रुपयाचा आकडा? खोटी." 1976 ची एक्केचाळिसावी: राज्य लोकसेवा आयोगाच्या सदस्यांचं निवृत्तीचं वय 60 वरून 62. "एवढ्यासाठी कुणी घटना बदलतं का? खोटी." 2011 ची शहाण्णवावी: आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं नाव 'ओरिया'चं 'ओडिया' केलं. "हे तर स्पेलिंग झालं. खोटी." 1987 ची अठ्ठावन्नावी: संविधानाचा अधिकृत हिंदी पाठ काढायची तरतूद. हिला मतं फुटली, कारण सदतीस वर्षं अधिकृत पाठ फक्त इंग्रजीच होता हे त्यांना पटेना.

शंभराव्या दुरुस्तीला तर मुलींनी मला सरळ वेड्यात काढलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: बांगलादेशाच्या आत भारत, त्याच्या आत बांगलादेश आणि त्याच्याही आत भारत अशी जमीन देऊन टाकली. फळ्यावर एकात एक चार गोल काढून दाखवले. "सर, हा कांदा आहे," पहिल्या बाकावरून आलं. पण दहाला खग्राबारी नावाचा तो तुकडा खरोखर होता, एक शेतच म्हणा. भारताची 111 आणि बांगलादेशाची 51 अशी बेटं एकमेकांच्या पोटात अडकली होती. 2015 च्या या दुरुस्तीनंतर 31 जुलैच्या मध्यरात्री त्यांची अदलाबदल झाली.

एकोणचाळिसावी वाचली तेव्हा हसणं थांबलं. 1975. पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयात आव्हान देता येणार नाही, अशी ती. 7 ऑगस्टला लोकसभा, 8 ला राज्यसभा, 9 ला राज्यांच्या विधानसभांची संमती, 10 ला राष्ट्रपतींची सही. 11 तारखेला सर्वोच्च न्यायालयात तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधींच्या निवडणुकीच्याच खटल्याची सुनावणी होती. "सर, हे पिक्चरमधलं आहे," म्हणत त्यांनी तीही 'खोटी'त टाकली. खऱ्यांपैकी फक्त एकच सगळ्यांनी बिनचूक ओळखली, मतदानाचं वय 21 वरून 18 करणारी एकसष्टावी. तिने त्यांचं स्वतःचं नाव यादीत घातलेलं, नुकतंच बोटाला शाई लावून आलेले.

आता रचलेल्यांकडे. चादरीची बहुमताने 'खरी'त. सोलापुरी भाषेची 'खरी'त जाता जाता राहिली, कारण दोघी स्पर्धा परीक्षेवाल्या होत्या आणि 22 हा आकडा त्यांना झोपेतही पाठ. पाण्याची चिठ्ठी अशी होती: अनुच्छेद 21-ख, नळाला पाणी कोणत्या दिवशी व किती वाजता येणार हे आदल्या दिवशी कळण्याचा प्रत्येक नागरिकाला मूलभूत हक्क राहील. मला वाटलं होतं ही सगळ्यांत मोठ्याने हसवेल. आमच्याकडे पाण्याचा वार हा घराघरातला पंचांगाइतका महत्त्वाचा विषय, रात्री दोनला मोटार लावायला उठणारी माणसं वर्गातच बसलेली. पण कुणी हसलं नाही. मागून एक मुलगी शांतपणे म्हणाली, "खरी असेल सर. पाळत नाहीत, एवढंच."

या वाक्यावर मी त्या दिवशी काही बोललो नाही. बोलता आलं नाही असं म्हणणं जास्त बरोबर.

चादर बाहेर पडली

खेळ संपल्यावर उत्तरं सांगितली, फिदीफिदी झालं, केळी-राजगिऱ्याचे लाडू वाटले. चिठ्ठ्या टेबलावर तशाच. एका मुलाने 'खरी' खोक्यातल्या चादरीच्या चिठ्ठीचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. त्याचा हेतू चेष्टेचा होता. फोटोत मात्र चेष्टा कुठेच दिसत नव्हती. दिसत होता स्वच्छ टाइप केलेला कागद, अनुच्छेदाचा क्रमांक आणि बाजूला खोक्यावर जाड अक्षरात लिहिलेलं 'खरी'.

त्यानंतर फोटो गळाला आणि मजकूर राहिला, मजकुराला तिरंगा चिकटला, मग 'मंजूर' हा शब्द आला. सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे ही खरी गोष्ट कुणीतरी शेवटी जोडली, त्यामुळे शेपटी खरी आणि जनावर खोटं असा प्रकार झाला. एका शाळेत तो सुविचाराच्या फळ्यावर गेल्याचं कळलं.

साडूंना मी सांगितलं की हे मीच लिहिलंय. ते म्हणाले, "तुम्ही लिहिलं असेल हो, पण दिल्लीने मान्य केलं ना?" नेटवर शोधा म्हटलं तर उत्तर आलं, "शोधलं. नेटवर अजून काहीच नाही, म्हणजे एकदम ताजी आहे." यावर काय बोलणार? शिवाय शोधणाऱ्याची फसगत व्हावी अशी सोय खऱ्या व्यवहारातच आहे. विधेयकाचा क्रमांक आणि कायद्याचा क्रमांक वेगळे असतात. महिला आरक्षणाचं विधेयक 128 वं, कायदा 106 वा. जीएसटीचं विधेयक 122 वं, कायदा 101 वा. ज्याने वर्तमानपत्रात 128 वाचलंय, त्याला 107 वी केव्हाच होऊन गेली असेल असंच वाटणार.

इथवर गंमत होती. मंगळवारी एका विद्यार्थ्याचे वडील कॉलेजात आले. पूर्व भागात यंत्रमागावर काम करतात, घरी तेलुगू, बाहेर मराठी. पाळी बुडवून आले होते. हातात आधारकार्डाची झेरॉक्स, पासबुक आणि दोन फोटो. कार्यालयाने माझ्याकडे पाठवलं. "सर, ते चादरीचं आलंय ना. फॉर्म कुठं भरायचा?"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की असं काही आलेलं नाही, तो मुलांचा खेळ होता. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "बरं बरं," म्हणाले, कागदांची पुन्हा नीट घडी केली आणि गेले.

चूक कुठे झाली

स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, संविधानावर विनोदच नको होता. दुसऱ्याचं, मोबाइल वर्गात येऊ दिला हीच चूक. मला दोन्ही पटलं नाही, आणि मराठीच्या मॅडमनाही. आम्ही दोघांनी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा ओळीने मांडल्या.

भावी आमदाराची चिठ्ठी बाहेर गेली असती तर काय झालं असतं? लोक हसले असते, पुढे पाठवली असती, आणि कुणीही फॉर्म मागायला आलं नसतं. हुरड्याचंही तेच. चादरीच्या चिठ्ठीत विनोद होता तो आम्हा दोघांच्या डोक्यात, कागदावर उतरलाच नव्हता. कागदावर होती एक रास्त इच्छा आणि ती बसवलेली बरोबर जागी. अनुच्छेद 43 खरोखर कामगारांच्या निर्वाह वेतनाचा आणि ग्रामीण भागातल्या कुटिरोद्योगांचा आहे. 43-क बेचाळिसाव्या दुरुस्तीने घातला, कामगारांच्या व्यवस्थापनातल्या सहभागाचा. 43-ख सत्त्याण्णवाव्या दुरुस्तीने, सहकारी संस्थांचा. पुढची खुर्ची 43-ग, रिकामी, आणि आम्ही तिथे चादर घडी घालून ठेवली. 'राज्य प्रयत्नशील राहील' हा तर संविधानाच्या त्या भागाचा, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांचा, खास सूर. बनावट नोटेचा कागद खऱ्या नोटेपेक्षा चांगला निघाला.

खऱ्या चिठ्ठ्यांची अडचण उलटी. त्यांना मुलांनी नाकारलं कारण त्या क्षुल्लक वाटत होत्या. पेंड, 62 वर्षं, एक अक्षर, सेहेचाळीस लाख. वक्तृत्व स्पर्धांतून आम्ही पोरांना इतकी वर्षं सांगत आलो की संविधान म्हणजे थोर विचार, मग पेंड त्यात बसणार कशी? प्रत्यक्षात घटनादुरुस्तीची भाषा बहुतेक वेळा हिशेबनिसाची असते: अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द, अमुक खंड वगळावा. कोणाच्या हातातला अधिकार कोणाच्या हातात गेला ते त्या रुक्ष ओळीत असतं. कुळकायद्याचंच घ्या. मुंबई राज्याचा 1948 चा कुळकायदा 1951 च्या पहिल्याच दुरुस्तीने नवव्या अनुसूचीत दुसऱ्या क्रमांकावर गेला, न्यायालयात त्याला कुणी धक्का लावू नये म्हणून. आमच्या जिल्ह्यातल्या किती सातबाऱ्यांवर त्या एका ओळीची सावली असेल! वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आजोबांनी हा शब्द ऐकलेला, आणि त्यांना स्वतःला तो घटनेत आहे याचा पत्ता नाही. पत्ता मीच दिला नव्हता.

आणखी एक दोष खोक्यांचा होता, तो एका विद्यार्थिनीने दाखवला. तिचे वडील साखर कारखान्याचे सभासद. सत्त्याण्णवाव्या दुरुस्तीची चिठ्ठी तिने हातात धरली आणि विचारलं, "सर, ही अर्धी कुठल्या खोक्यात टाकू?" मुद्दा बिनतोड होता. ही सहकारी संस्थांसाठी नवा भाग घालणारी दुरुस्ती 2012 च्या फेब्रुवारीत अमलात आली. पण सहकारी संस्था हा राज्यांच्या सूचीतला विषय, तिथे हात घालायचा तर अनुच्छेद 368 प्रमाणे निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते, ती घेतलीच नव्हती. 20 जुलै 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने तो भाग बहुराज्यीय संस्थांपुरता ठेवला, बाकी रद्द. म्हणजे दुरुस्ती खरी, पुस्तकात छापलेली, आणि तिच्या वडिलांच्या कारखान्याला ती लागू नाही.

अशा आणखी निघाल्या. न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी आयोग आणणारी नव्व्याण्णवावी 2015 च्या ऑक्टोबरात न्यायालयाने मोडीत काढली. पस्तिसाव्या दुरुस्तीने सिक्कीमला 'सहयोगी राज्य' केलं, 1 मार्च 1975 ला. छत्तिसावीने ते 26 एप्रिललाच पुसून सिक्कीमला पूर्ण राज्य केलं. दोन महिनेसुद्धा नाही! आमच्याकडे गड्ड्याच्या जत्रेतले पाळणेही जवळपास तेवढे टिकतात. एकोणचाळिसावीतला तो पंतप्रधानांचा अनुच्छेद 329-क पुढे चव्वेचाळिसावीने काढून टाकला. मग तिसरा खोका आणला: 'खरी, पण आता नाही'. पाण्याच्या चिठ्ठीवर बोललेली मुलगी त्याच्याकडे बघत होती. तिला चौथा हवा असणार.

अफवेवर उतारा

मी रीतसर खुलासा लिहिला. 'समाजमाध्यमांवर फिरत असलेला मजकूर निराधार असून' वगैरे. तो माझ्या ओळखीच्या अकरा गटांत गेला आणि तिथेच झोपला.

उतारा मुलांनी काढला. त्यांनी 108 वी रचली. अनुच्छेद 51-क मध्ये मूलभूत कर्तव्यं अकरा आहेत, खंड (क) ते (ट). त्यांनी (ठ) जोडला: "107 व्या दुरुस्तीने मिळालेली चादर आखूड असल्याने, अंथरूण पाहून पाय पसरणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य असेल, मात्र सहा फुटांवरील नागरिकांच्या बाबतीत राज्याला वेगळी तरतूद करता येईल." तेच अक्षर, तोच तिरंगा, तेच 'पुढे पाठवा'. हा मजकूर खुलाशापेक्षा कितीतरी वेगाने पळाला. लोक हसले आणि हसल्यावर त्यांनी आधीचा निरोप परत वर सरकवून वाचला. साडूंचा रात्री फोन आला: "पाहुणे, ती पहिली पण चेष्टाच होती की काय?" गेले आठ दिवस मी हेच सांगत होतो.

दुरुस्तीवर उतारा दुरुस्तीचाच, हे काही मुलांचं नवं नाही. अमेरिकेने 1919 मध्ये अठराव्या दुरुस्तीने दारूबंदी आणली आणि 1933 मध्ये एकविसाव्याने उठवली. तिथलाच एक किस्सा मी तेव्हा वर्गात सांगितला, कारण 'सर, आमच्या चिठ्ठ्यांना मार्क आहेत का' असा प्रश्न आला होता. खासदारांची पगारवाढ मधली निवडणूक झाल्याशिवाय लागू होऊ नये, अशी दुरुस्ती तिथे 1789 मध्ये मांडली गेली आणि राज्यांच्या मंजुरीअभावी पडून राहिली. 1982 मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने निबंध लिहिला की ती अजूनही मंजूर होऊ शकते. निबंधाला 'सी' मिळाला. पठ्ठ्याने राज्याराज्यांना पत्रं धाडली आणि 1992 मध्ये ती सत्ताविसावी दुरुस्ती झाली. 2017 मध्ये विद्यापीठाने त्याचा 'सी' बदलून 'ए' केला. मी आमच्यांना मार्क दिले नाहीत, पण किस्सा सांगताना जपून बोललो.

दुसरी फेरी

जानेवारीत, गड्डा उरकल्यावर, खेळ पुन्हा घेतला. या वेळी रचायचं काम मुलांचं. अट एक: नुसती इच्छा चालणार नाही. कुठला अनुच्छेद, कुठले शब्द काढायचे, कुठले घालायचे, संसदेचं विशेष बहुमत पुरेल की राज्यांची संमतीही लागेल, हे लिहायचं. शिवाय प्रत्येक रचलेल्या चिठ्ठीत एक तरी गोष्ट अशी पाहिजे की आजीलाही हसू यावं. 'बनावट'चा लाल शिक्का करून घेतला, तो मजकुराच्या बाजूला न मारता मजकुरावरच मारायचा.

हुरडावाला गट यात सगळ्यांत पुढे गेला. त्यांना कळलं की संसदेचं अधिवेशन अनुच्छेद 85 मध्ये आहे, दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचं अंतर पडता कामा नये, आणि विधानसभेसाठी 174 वेगळा बदलावा लागेल, नाहीतर खासदार हुरड्याला येतील आणि आमदार अडकतील. राज्यांची संमती लागेल का यावर वर्गात अर्धा तास भांडण झालं. 368 मधली यादी फळ्यावर लिहावी लागली: राष्ट्रपतींची निवडणूक, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं, सातवी अनुसूची, राज्यांचं संसदेतलं प्रतिनिधित्व, खुद्द 368, आणि आणखी काही. अधिवेशनाच्या तारखा त्यात नाहीत. "म्हणजे हुरड्याला राज्यं आडवी येत नाहीत," हा निकाल टाळ्यांत मंजूर झाला. पंचवीस वर्षांत 368 वर वर्गात भांडण झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पाण्याची चिठ्ठी त्या मुलीने पुन्हा लिहायला घेतली आणि सोडून दिली. पाणीपुरवठा बाराव्या अनुसूचीत आहेच, 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने शहरांकडे सोपवता येतील अशा अठरा विषयांत. ते वाचून ती म्हणाली, "आता काय दुरुस्त करू?"

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांकडे मी फेब्रुवारीत गेलो. आधीच जायला हवं होतं. खालच्या खोलीत माग, वर घर. वीज गेली होती म्हणून माग थांबले होते, नाहीतर बोलणंच झालं नसतं. चहा आला. मी झालं गेलं सांगून माफी मागितली आणि बरोबर नेलेलं मराठी 'भारताचे संविधान' उघडून 43 वा अनुच्छेद दाखवला. 43-ग हा आमचा कारभार होता, पण हे बघा, याच्या आधीचं खरं आहे. त्यांनी मुलाला वाचायला लावलं. काम, निर्वाह वेतन, समुचित जीवनमान, फुरसत, कुटिरोद्योग. मुलगा हळू वाचत होता, मधेच थांबून तेलुगूत सांगत होता.

"हे छापील आहे," ते म्हणाले. "याला शिक्का नाही मारलेला."

"नाही. हे खरं आहे. पहिल्या दिवसापासून आहे."

"मग याचा फॉर्म कुठं मिळतो?"

37 वा अनुच्छेद त्याच भागात, थोडा आधी आहे. या भागातल्या तरतुदी कोणत्याही न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत, तरी देशाच्या कारभारात त्या मूलभूत आहेत आणि त्या लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे, एवढंच त्यात म्हटलंय. मी पानं मागे उलटली आणि पुस्तक मुलाच्या हातात दिलं. तो वाचायला लागला तोच वीज आली आणि खालचे माग सुरू झाले.